विंडोज 10 सोडायचं की धरून बसायचं: एका डीटीपीवालीचा हिशेब

माझं डीटीपीचं दुकान साताऱ्यात आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका, वर्षश्राद्धाची निमंत्रणं, स्मरणिका, अधूनमधून कुणा निवृत्त गुरुजींचा कवितासंग्रह, असं काम. कंपोझ करायचं, प्रूफ दाखवायचं, ट्रेसिंग काढून प्रेसला द्यायचं. हे सगळं ज्या मशीनवर होतं ते 2014 साली असेंबल करून घेतलेलं. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, एच-81 चा बोर्ड, 4 जीबी रॅम. आलं तेव्हा त्यात विंडोज 7 होतं. 7 चा सपोर्ट 14 जानेवारी 2020 ला संपला, त्याच्या आधी 10 टाकून घेतलं. पुढे हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, आणि मग मशीननं कधी अडवलं नाही. बटण दाबून देवाला उदबत्ती लावेपर्यंत डेस्कटॉप समोर येतो. अशा मशीनला कोण कशाला हात लावेल?

पण 2025 मध्ये स्क्रीनभर सूचना यायला लागली की 14 ऑक्टोबरनंतर विंडोज 10 ला सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत. 14 ऑक्टोबर म्हणजे दिवाळी तोंडावर. आमच्या धंद्यात त्या आठवड्यात माणसाला जेवायला वेळ नसतो, तिथं ऑपरेटिंग सिस्टीम बदलणं दूरच.

बाजारात दोन तऱ्हेची मतं होती. शेजारचे झेरॉक्सवाले म्हणाले, "काही होत नाही ताई, माझ्याकडं अजून 7 चालतंय, मला काय धाड भरलीय?" समोरच्या सीएंच्या ऑफिसात मात्र झाडून सगळी मशीनं बदलली गेली. कुणी म्हणे 15 तारखेला कॉम्प्युटर चालूच होणार नाही, कुणी म्हणे ही नवी मशीनं खपवायची युक्ती. मला दोन्हीकडचं थोडं थोडं पटत होतं, म्हणजे काहीच पटत नव्हतं.

नेमकं काय संपतंय ते आधी समजून घेतलं. विंडोज 10 आलं 29 जुलै 2015 ला, म्हणजे त्याला दहा वर्षं मिळाली. सपोर्ट संपला म्हणजे मशीन बंद पडत नाही. पानं मांडायचं पेजमेकर उघडतं, चित्रं-डिझाइनचं कोरल उघडतं, प्रिंट निघते. बंद होते ती दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येणारी डागडुजी. सिस्टीममध्ये चोरवाटा सापडत राहतात आणि कंपनी त्या बुजवत राहते. तारखेनंतर सापडलेली वाट उघडीच राहणार. 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा व्हायरस आला होता तेव्हाची गोष्ट बऱ्याच जणांना आठवत असेल. ज्या वाटेनं तो शिरला ती बुजवणारा अपडेट मार्चमध्येच आला होता. तो ज्यांनी घेतला नव्हता ते सापडले. एक्सपीचा सपोर्ट तर 2014 मध्येच संपलेला, त्याला तो अपडेट हल्ला झाल्यावर तातडीनं द्यावा लागला. झेरॉक्सवाल्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "आपल्याकडं चोरायला आहे काय?" वॉनाक्राय चोरी करत नव्हता, फाइली कुलूपबंद करून पैसे मागत होता. माझ्याकडं चोरायला काही नसेल, पण अहवालाची फाइल सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कुलूपबंद झाली तर पतसंस्थेचे सचिव माझ्या दारात येऊन बसतील. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हावी लागते, आणि अहवालाशिवाय सभा होत नाही.

मशीन बघायला जो पोरगा येतो त्याला बोलावलं. त्यानं तपासणीचं ॲप चालवलं. निकाल आला की हे मशीन विंडोज 11 साठी पात्र नाही. विंडोज 11 ऑक्टोबर 2021 मध्ये आलं तेव्हाच अटी ठरल्या होत्या. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, बोर्डावर टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप, मशीन सुरू होतानाच सिस्टीम खरी आहे का ते तपासणारी सिक्युअर बूटची सोय, 4 जीबी रॅम, 64 जीबी जागा. रॅम आणि जागा माझ्याकडं होती. बाकी नव्हतं.

"ताई, आडवाटेनं टाकता येतंय की," तो म्हणाला. "पेनड्राइव्ह बनवतानाच टीपीएमची अट काढून टाकायची. मी किती जणांना करून दिलंय."

"आणि अपडेट?"

"येतात. आत्तापर्यंत तरी आलेत."

हे 'आत्तापर्यंत तरी' मला खटकलं. अपात्र मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी नाही असं मायक्रोसॉफ्टनं आधीच सांगून ठेवलंय. म्हणजे अपडेट मिळावेत म्हणून 11 टाकायचं, आणि 11 टाकल्यावर अपडेटचाच भरवसा नाही. शिवाय फार जुने प्रोसेसर 11 च्या 24एच2 या आवृत्तीपासून मुळातच चालेनासे झालेत. माझा आय-फाइव्ह त्या चाळणीतून सुटतो, पण पुढच्या चाळणीचं कुणी सांगावं?

तेवढ्यात त्यानं सिस्टीमची माहिती उघडली आणि विचारलं, "ताई, हे 32-बिट का ठेवलंय?"

त्याचं उत्तर मशीनच्या मागच्या बाजूला सेलोटेपनं चिकटवलेलं होतं. राखाडी रंगाचं, बोटाच्या पेराएवढं, यूएसबीत घुसवलेलं हार्डवेअर लॉक. मराठी फॉन्ट आणि टायपिंगचं पॅकेज मी घेतलं तेव्हा त्याच्याबरोबर हे आलं होतं. ते लावल्याशिवाय टायपिंग होत नाही. फॉन्ट दिसतात, जुनी फाइल छापता येते, पण एक अक्षर नवं उमटत नाही. म्हणून ते कुणी चुकून उपटू नये यासाठी टेप. झाडायला येणाऱ्या मावशींनाही ताकीद आहे.

या लॉकचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते ओळखायला लावणारा छोटा प्रोग्रॅम, 32-बिटचा आहे. 32-बिट ही विंडोजची जुनी धाटणी, 64-बिट ही नवी. 64-बिट विंडोजवर जुने 32-बिट प्रोग्रॅम चालतात, पेजमेकरही चालतं, पण ड्रायव्हर चालत नाही. ड्रायव्हर सिस्टीमच्या गाभ्यात बसतो आणि गाभा 64-बिट असेल तर ड्रायव्हरही 64-बिटच लागतो. आणि विंडोज 11 ची 32-बिट आवृत्तीच निघालेली नाही. संपलं. टीपीएम, प्रोसेसर, सिक्युअर बूट हे सगळं बाजूला. उद्या कुणी मला नवं कोरं, सगळ्या अटी पुऱ्या करणारं मशीन फुकट आणून दिलं तरी माझा प्रश्न जिथल्या तिथं राहणार होता.

जाता जाता, ज्यांचं मशीन 32-बिट आहे त्यांनी रॅम वाढवण्यात पैसे घालू नयेत. 32-बिट विंडोज 10 ला 4 जीबीच्या वर दिसत नाही, त्यातलीही काही ग्राफिक्स वगैरेसाठी जाते. माझ्या बोर्डावर 16 जीबीपर्यंत रॅम बसते, पण 4 च्या वरची जागा तशीच रिकामी आहे.

ज्यांनी डीटीपी केलेलं नाही त्यांना वाटेल, मग जुनं पॅकेज सोडून नवं का घेत नाही? नवं मिळतं. 64-बिटवर चालतं, युनिकोडही देतं. अडचण पुढं नाही, मागं आहे. इतक्या वर्षांच्या फाइली जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत आहेत. हे फॉन्ट मुळात इंग्रजीच्या जागा बळकावून बसलेले असतात. कॉम्प्युटरला वाटतं इंग्रजी अक्षर टाइप झालं, फॉन्ट त्या जागी मराठी आकार काढून दाखवतो. सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण कृतीदेवचं. त्यात 'मराठी' लिहिलं आणि फॉन्ट काढून टाकला तर उरतं ई, जे, के, मोठा बी आणि एच. डोळ्यांना मराठी, मशीनला गिचमीड. त्यात प्रत्येक कंपनीनं आपापल्या जागा ठरवलेल्या, त्यामुळं एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टात टाकला की तिसरंच काहीतरी. युनिकोडमध्ये तसं नाही, तिथं देवनागरीला स्वतःच्या 128 जागा आहेत आणि 'म' जगात कुठंही 'म'च राहतो. पण पेजमेकरला युनिकोड कळत नाही. त्याची 7.0 ही शेवटची मोठी आवृत्ती 2001 ची, पुढं 2004 मध्ये कामच थांबलं. तरी महाराष्ट्रातल्या किती प्रेसमध्ये ते आजही रोज उघडलं जातं ते मी सांगायला नको.

तर ऑपरेटिंग सिस्टीम, लॉक, फॉन्ट, पेजमेकर, फाइली. एकाला हात लावला की पाचही हलतात.

पुण्यात आयटीत असलेल्या मुलीनं फोनवर सल्ला दिला, "आई, तू लिनक्स मिंट टाक. फुकट आहे, जुन्या मशीनवर छान चालतं, व्हायरसची कटकट नाही."

"आणि पेजमेकर?"

"अगं, त्याला पर्याय असतात."

"पर्यायात माझ्या फाइली उघडतात का ते बघ, मग बोल."

मिंट म्हणजे विंडोजच्या जागी टाकायची दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम. तिला वाटलं मी उडवून लावतेय. तसं नव्हतं. पुढच्या शनिवारी ती आली तेव्हा पेनड्राइव्हवर मिंट घेऊनच आली, आणि आम्ही खरंच बसून पाहिलं. त्याआधी एक काम केलं. चालत्या एसएसडीची हुबेहूब नक्कल दुसऱ्या एसएसडीवर काढून घेतली आणि मूळ डिस्क कपाटात ठेवली. जे काही प्रयोग करायचे ते नकलेवर. ज्याचं पोट मशीनवर आहे त्यानं या पायरीशिवाय कुठल्याच अपग्रेडचं नाव काढू नये. चांगली एसएसडी आपल्या दोन-चार पत्रिकांच्या कामात वसूल होते.

मिंट चाललं, आणि झकास चाललं. वायफाय लागलं, यूट्यूब अडखळलं नाही. एचपीचा 1020 लेझर प्रिंटर, जो आमच्या धंद्यात जवळपास प्रत्येकाकडं असतो, त्याला एक वेगळं प्लगइन उतरवून द्यावं लागलं. हा प्रिंटर चालू झाला की स्वतःचा कारभार दर वेळी कॉम्प्युटरकडून मागून घेतो, म्हणून. मग तोही हलला. खरं आश्चर्य पुढं होतं. लिबरऑफिस या फुकट ऑफिस पॅकेजातल्या ड्रॉमध्ये पेजमेकरची फाइल उघडते! मला याची कल्पनाच नव्हती. पतसंस्थेच्या जुन्या अहवालाची फाइल उघडली, फॉन्टच्या फाइली मिंटमध्ये टाकल्या, आणि संचालक मंडळाची यादी मराठीत समोर आली. मुलगी जिंकल्यासारखी माझ्याकडं बघायला लागली.

मग मी पान खाली सरकवलं. ताळेबंद. डावीकडं भांडवल व देणी, उजवीकडं मालमत्ता व येणी, मधली उभी रेघ कुठल्या कुठं गेलेली. ठेवींचा आकडा कर्जाच्या रकान्यात. शीर्षकातली जोडाक्षरं एकमेकांच्या अंगावर. मजकूर आला होता, मांडणी विस्कटली होती. कवितासंग्रह असता तर मी चालवूनही घेतलं असतं, पण ऑडिटरच्या सहीचा ताळेबंद आहे, त्यात एक आकडा इकडचा तिकडं गेला तर सभेत खुर्च्या उडतील. लॉकचं तर बोलायलाच नको, मिंटनं त्याच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही.

"म्हणजे नापास?" तिनं विचारलं.

"वाचायला पास. छापायला नापास."

त्याच नकलेवर मग त्या पोरानं आडवाटेनं 11 टाकून दाखवलं. तेही चाललं, वाटलं होतं त्यापेक्षा बरं चाललं. पेजमेकर उघडलं. लॉक लावलं तर सिस्टीमनं उपकरण ओळखलं नाही असं सांगितलं. अपेक्षितच होतं, तरी डोळ्यांनी पाहिलं ते बरं झालं. नाहीतर मनात राहतं की कदाचित चाललं असतं.

या सगळ्या खटाटोपात एक रजिस्टर मात्र कामाला आलं. दुकानात कामांची वही असते. ती घेऊन बसले आणि वर्षभरात कुठल्या जुन्या फाइली खरोखर पुन्हा उघडल्या ते काढलं. माझी समजूत होती की माझा धंदा जुन्या फाइलींवर उभा आहे. सीडींची चळत, बाहेरच्या हार्ड डिस्कवर वर्षावर्षाचे फोल्डर. प्रत्यक्षात पुन्हा पुन्हा लागणारी गिऱ्हाइकं मोजकी निघाली. काही पतसंस्था, दोन शाळा, एका देवस्थानाची वार्षिक पत्रिका, एक दूध संस्था. लग्नपत्रिका जुनी कुणी परत मागत नाही, फक्त साचा लागतो. गुरुजींचे कवितासंग्रह तर दुसऱ्या आवृत्तीपर्यंत जातच नाहीत, हे त्यांना सांगू नका. म्हणजे 'सगळं युनिकोडमध्ये आणायचं' हा डोंगर बघून मी बिचकत होते, तो डोंगर नव्हताच. नेमाच्या गिऱ्हाइकांच्या शेवटच्या वर्षाच्या फाइली आणल्या की बाकीच्या नुसत्या बघण्यापुरत्या ठेवल्या तरी चालणार होतं. त्यांच्या पीडीएफ काढून ठेवल्या की झालं.

पण हे दिवाळीत होणारं काम नव्हतं. म्हणून ऑक्टोबरमध्ये सरळ मुदत मागून घेतली. मायक्रोसॉफ्टनं घरगुती वापरणाऱ्यांसाठी सुरक्षेचे अपडेट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत देण्याची योजना काढली होती, तिला ईएसयू म्हणतात. तीन मार्ग होते. 30 डॉलर भरा, नाहीतर त्यांचे रिवॉर्ड पॉइंट हजार द्या, नाहीतर मशीनच्या सेटिंगचा बॅकअप त्यांच्याकडं चालू करा. तिसरा फुकट. अट एवढीच की विंडोज 10 ची 22एच2 ही शेवटची आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्टचं खातं हवं. अपडेटच्याच पानावर नाव नोंदवायचं बटण आलं, खात्यानं लॉगिन केलं, झालं. इतकी वर्षं मशीनला लोकल खातं होतं, ते सोडून कंपनीच्या खात्यात शिरावं लागलं हे मला फारसं आवडलं नाही. 30 डॉलर वाचले म्हणून गप्प बसले.

ही मुदत फक्त सुरक्षेच्या डागडुजीची आहे, बाकी काही नवं मिळत नाही. मला नवं काही नकोही होतं.

मग दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं आणि माणसांच्या लग्नांचा हंगाम सुरू झाला. मध्येच नगरपालिकेच्या निवडणुकीची पत्रकं आली. या गडबडीत मी मशीनकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागले, कारण नेमका धोका कुठून येतो ते रोज दिसत होतं. उमेदवाराचा कार्यकर्ता पेनड्राइव्ह घेऊन येतो. त्यात फोटो. तो पेनड्राइव्ह आधी फ्लेक्सवाल्याकडं, मग प्रेसमध्ये, मग सायबर कॅफेत फिरून आलेला. लावला की सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले. हा शॉर्टकट व्हायरस आमच्या बाजारपेठेत वर्षानुवर्षं मुक्कामाला आहे, त्याला विंडोजच्या आवृत्तीशी देणंघेणं नाही. आणि ज्या मशीनवर हा पेनड्राइव्ह लागतो त्याच मशीनवर मी जीएसटीचं रिटर्न भरते, बँकेत लॉगिन करते, गिऱ्हाइकांचे आधार कार्डाचे फोटो व्हॉट्सॲप वेबवरून उतरवते. घाबरायचंच होतं तर याला घाबरायला हवं होतं. 10 की 11 हा त्यातला छोटा भाग.

संक्रांतीच्या सुमारास ठरवलं की जुन्या मशीनची सिस्टीम बदलायची नाही. त्याचं काम बदलायचं.

नेटचं सगळं काम दुसऱ्या मशीनवर न्यायचं. कंपन्यांतून निघालेली रिफर्बिश्ड मशीनं मिळतात, त्यातलं आठव्या पिढीचं आय-फाइव्ह, 8 जीबी रॅमचं 18 हजारांत घेतलं. तेव्हा रॅमचे भाव भडकले होते, सहा महिने आधी घेतलं असतं तर स्वस्तात पडलं असतं असं तो पोरगा हळहळत होता. घेण्याआधी त्यानं टीपीएम चालू करून, 11 रीतसर, अट न काढता टाकून दाखवलं. जुनं घेणाऱ्यानं हे दुकानातच बघून घ्यावं, 'आठवी पिढी' असं तोंडानं सगळेच सांगतात.

जुन्या मशीनची नेटची केबल काढली, वायफायचं डोंगल काढलं. नेटच नाही म्हटल्यावर ईएसयूचे अपडेट त्याला मिळणार नाहीत हे उघड आहे. पण आता त्याच्याकडं बाहेरून यायला रस्ताच एक उरलाय, पेनड्राइव्हचा, आणि तो माझ्या हातात आहे. बाहेरचा पेनड्राइव्ह आता नव्या मशीनवरच लागतो, तिथं तपासून होतो, आणि हवा तेवढा फोटो किंवा मजकूर माझ्या लाल पेनड्राइव्हवरून पलीकडं जातो. लाल पेनड्राइव्ह दुकानाबाहेर जात नाही. प्रेसच्या अण्णांना हे सुरुवातीला सोवळ्याओवळ्याचं वाटलं. "वहिनी, आमचा पेनड्राइव्ह काय बाटगा आहे का?" मी म्हटलं, "अहो अण्णा, तुमच्याकडचेच शॉर्टकट आहेत ते." आता ते पीडीएफ ईमेलवर घेतात आणि प्लेटही त्यावरूनच करतात. ट्रेसिंगची मिरर प्रिंट मात्र अजून इथंच निघते, कारण 1020 जुन्या मशीनलाच जोडलेला आहे.

एवढ्यावर भागलं असतं, पण मशीन बारा वर्षांचं. बोर्ड गेला तर? म्हणून मुलीनं आणखी एक सोय करून दिली. नव्या मशीनमध्ये व्हर्च्युअलबॉक्स टाकून त्यात 32-बिट विंडोज 10 उभं केलं, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात कॉम्प्युटर. त्याला वेगळं लायसन्स लागतं, ते लावलं. नेट त्यालाही दिलं नाही. मग धाडस करून लॉकची टेप सोडवली, ते नव्या मशीनला लावलं आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या मेनूतून आतल्या विंडोजच्या हवाली केलं. आतली सिस्टीम 32-बिट असल्यानं जुना ड्रायव्हर मुकाट्यानं बसला. पेजमेकर उघडून मी 'श्री' टाइप केलं. उमटलं. मुलगी म्हणाली, "बघ, पर्याय असतात म्हटलं होतं ना?" या वेळी मी वाद घातला नाही. काम करायला ते खऱ्या मशीनपेक्षा जरा संथ आहे, पण अडीनडीला पुरेल. लॉक परत जुन्या जागी गेलं, नवी टेप लावली.

लॉकच जळालं तर मात्र हे दोन्ही मार्ग बंद. ते वीस-एक वर्षांचं आहे. म्हणून खरी घाई आहे ती फाइली हलवण्याची, आणि ते काम मी मार्चअखेरच्या गर्दीनंतर हातात घेतलं.

कन्व्हर्टर मिळतात, एका फॉन्टातला मजकूर टाकला की युनिकोड बाहेर येतो. बहुतेक बरोबर येतो, आणि ही 'बहुतेक'च घात करते. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी आधी टाइप व्हायची आणि अक्षर नंतर, युनिकोडमध्ये उलट. रफार जुन्यात अक्षरानंतर यायचा, युनिकोडमध्ये 'र' आधी. त्यामुळं 'कार्यकारी' नीट येतं आणि 'वर्षाअखेर'चा रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. 'सुऱ्या', 'दुसऱ्या' यातला अर्धा र तर हटकून तपासावा लागतो. म्हणून कन्व्हर्ट झालेला मजकूर मी छापून, पेन घेऊन वाचते, पडद्यावर नाही. ताळेबंदाचे आकडे कन्व्हर्टरमधून काढतच नाही, संस्थेकडून एक्सेल मागवते आणि तिथून थेट घेते.

फॉन्टांची चंगळ आहे. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त', मुंबईच्याच आयआयटीचा 'शोभिका', असे चांगले फॉन्ट फुकट मिळतात, जोडाक्षरं सुबक. पण पहिला नमुना दाखवला तेव्हा सचिवांनी चष्मा वर करून विचारलं, "वहिनी, हा ल आणि श हिंदीतल्यासारखा का दिसतोय?" बरोबर होतं त्यांचं. काही फॉन्टांत दोन्ही वळणं असतात, मजकुराची भाषा मराठी म्हणून निवडली की आपला ल येतो, हिंदी राहिली तर हिंदीचा. लिबरऑफिसमध्ये सगळा मजकूर निवडून भाषा मराठी केली आणि पानावरचे ल झरझर बदलले.

बोटांचा प्रश्न राहिलाय. मी मराठी टायपिंगची मिनिटाला 40 शब्दांची परीक्षा टाइपरायटरवर दिलेली बाई. युनिकोडसाठीची इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी शास्त्रशुद्ध आहे वगैरे मान्य, पण अहवालाच्या दिवसांत बोटं शास्त्र ऐकत नाहीत. टाइपरायटरच्याच मांडणीचा युनिकोड कीबोर्ड मिळतो, तो टाकलाय. चार-दोन खुणा वेगळ्या जागी आहेत, अवग्रह आणि ॲ शोधताना अजून थांबते.

यंदाचा दूध संस्थेचा अहवाल पूर्ण युनिकोडमध्ये चाललाय. देवस्थानाची पत्रिका पुढच्या महिन्यात. बाकी कुणी जुनी फाइल घेऊन आलं आणि त्यात बदल हवा असला तर पानामागं कन्व्हर्जनचे वेगळे पैसे सांगते. कुरकुर करतात, पण देतात.